पाणी बघा, मग दुकानात जा

गेल्या अंकात सहज लिहून गेलो की रविवारी सकाळी मी डॅलसच्या आसपास कुठल्यातरी तळ्यावर बास नावाचे मासे गरवत असतो, तर त्यावर एवढे प्रश्न आले की संपादक म्हणाले आता उत्तरं द्याच. निम्म्या पत्रांचा सूर एकच, काय विकत घेऊ. मी मूळचा अलिबागकडचा, लहानपणी काठी, तंगूस आणि एक गळ एवढ्यावर सगळं भागायचं, त्यामुळे या प्रश्नाला माझं उत्तर जरा कंजूषच असणार हे आधीच सांगतो.

प्रश्न : काका, मी प्लानोला नवीन आलोय. घरामागे तळं आहे, बास आहेत म्हणतात. दुकानात गेलो तर भिंतभर ल्युअर (माशाला फसवायची खोटी आमिषं), रॉड पन्नास प्रकारचे, तिथल्या माणसाने चारशे डॉलरचं सामान काढून समोर ठेवलं. मी काही न घेता परत आलो. नेमकं काय घेऊ?

न घेता आलास ते बेस्ट केलंस. मी घेऊन आलो होतो, आणि ते डबे दर दिवाळीच्या साफसफाईत गॅरेजमधून बाहेर निघतात, बायको माझ्याकडे बघते, मग परत आत जातात.

आधी दोन संध्याकाळ नुसता तळ्याभोवती फिर. पाणी स्वच्छ आहे का चहासारखं, गवत कुठे आहे, पाण्यात पडलेलं झाड, पाइपचं तोंड, जेट्टीची सावली, हे सगळं बघून ठेव, कारण बास हा दबा धरून बसणारा मासा आहे, मोकळ्या पाण्यात उगाच हिंडण्यापेक्षा त्याला काहीतरी आडोसा लागतो. ते बघून झालं की मग दुकानात जा.

रॉड एकच घे, सात फुटी स्पिनिंग, मीडियम पॉवर, फास्ट अ‍ॅक्शन. फास्ट म्हणजे फक्त शेंड्याकडे वाकतो, त्यामुळे टोचलेलं हाताला लगेच कळतं. त्यावर २५०० साइजचं रीळ आणि ८ किंवा १० पाउंडाची मोनो दोरी, म्हणजे आपला तंगूसच. ब्रेड (म्हणजे विणलेली दोरी) आणि फ्लुरोकार्बन, या दोऱ्यांची भानगड पुढच्या वर्षी बघू.

ल्युअरमध्ये पाच इंची सॉफ्ट प्लास्टिक वर्मचं (खोट्या गांडुळांचं) एक पाकीट, ग्रीन पम्पकिन रंगात. पाणी गढूळ असेल तर काळा-निळा घे, गढूळ पाण्यात गडद रंगाची आकृती उठून दिसते. ३/० चे ऑफसेट गळ, पाव औंसाची गोळीच्या आकाराची वजनं, वारा सुटलेल्या दिवसासाठी एक स्पिनरबेट (चकाकती पाती फिरणारं ल्युअर) आणि पहाटेसाठी वर तरंगणारा एक पॉपर. बास. (हा विनोद नव्हता, पण झाला.)

आता वर्म लावायचा कसा ते नीट बघ, कारण इथेच सगळे चुकतात. याला टेक्सस रिग म्हणतात. आधी दोरीत वजन ओव, टोकाची बाजू वर, मग गळ बांध, गाठ आवळताना थुंकीने ओली कर, नाहीतर घर्षणाने दोरी तिथेच कमकुवत होते. गळाचं टोक वर्मच्या डोक्यात सरळ अर्धा सेंटिमीटर घाल, बाजूने बाहेर काढ, वर्म गळाच्या डोळ्यापर्यंत सरकव आणि गळ अर्धा फिरव. आता वर्म मोकळा लोंबू दे आणि गळाचा बाक त्याच्या अंगावर कुठे येतो ते बघ, बरोब्बर तिथेच टोक परत आत खुपस, असं की टोक प्लास्टिकच्या आतच लपेल. वर्म सरळ सुईसारखा दिसला पाहिजे. जरा जरी सुरकुतला तर पाण्यात तो गरगर फिरतो आणि दोरीला पीळ पडतो.

मग फेक, तळाला जाऊ दे, आणि थांब. दहा आकडे मोज. रॉडचा शेंडा हळूच एक फूट उचल, परत पडू दे, परत थांब. बहुतेक मासे ल्युअर खाली पडताना लागतात, तू रीळ फिरवत असताना नाही. नवीन माणसाला हे जमत नाही, त्याला वाटतं आपण काहीच करत नाही आहोत.

लायसन्स विसरू नकोस, टेक्ससमध्ये १७ वर्षं पूर्ण झाली की लागतं. आई-बाबा भारतातून आलेत आणि त्यांना नुसती मजा म्हणून न्यायचंय तर स्टेट पार्कात जा, तिथे काठावरून मासे पकडायला लायसन्स लागत नाही.

प्रश्न : नवऱ्याने वाढदिवसाला बेटकास्टर रीळ दिलं. दर तिसऱ्या फेकीला दोरीचा एवढा गुंता होतो की मी रडायच्या बेतात येते. माझं चुकतंय का रीळच खराब आहे? – न्यू जर्सीहून

रीळ खराब नाहीये ताई, नवऱ्याने घाई केली. बेटकास्टरमध्ये स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली चकरी, स्वतः फिरतो, ल्युअर हवेत मंदावला तरी स्पूल त्याच वेगात दोरी सोडत राहतो, ती दोरी जायला जागाच नाही म्हणून तिथल्या तिथे घरटं. इथले लोक त्याला घरटंच म्हणतात, पक्ष्याचं.

असं करा. ल्युअर बांधा, रॉड आडवा धरा, अंगठ्याने बटण दाबून ल्युअर खाली सोडा. धाडकन पडला तर हँडलजवळची छोटी गोल चकती घट्ट करा, अजिबात हलला नाही तर सैल करा. तो सावकाश खाली यायला हवा, आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबायला हवा. दुसऱ्या बाजूचा ब्रेक सुरुवातीला जवळजवळ पूर्ण ठेवा. अर्ध्या औंसाचं जड काहीतरी बांधून अंगणात सराव करा, वाऱ्याच्या दिशेनेच फेका, विरुद्ध फेकलंत की गुंता ठरलेला, आणि अंगठा स्पूलवर हलकाच, पोळी तव्यावर फिरवताना बोटं ठेवतो तेवढाच.

झालाच गुंता तर ओढाताण नको. अंगठा स्पूलवर दाबून धरा आणि तसाच दाबलेला ठेवून हँडल दोन-तीन वेळा फिरवा, मग दोरी हळू ओढा. साध्या गुंत्यातले बरेचसे असे सुटतात. हलकी ल्युअर मात्र बेटकास्टरवर फेकायच्या फंदात पडू नका, त्याला स्पिनिंगच बरं, नवऱ्याला पुढच्या वाढदिवसाची आयडिया आत्ताच देऊन ठेवा.

प्रश्न : हाताला टकटक जाणवतं, झटका मारतो, रिकामा गळ येतो. फ्रॉगवर (बेडकाच्या आकाराच्या ल्युअरवर) तर मासा अक्षरशः पाणी फोडून वर येतो आणि तरी लागत नाही. काय चुकतंय?

बास चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, आणि आवडलं नाही तर तितक्याच पटकन थुंकतो. त्यामुळे झटका कधी मारायचा हे ल्युअरवर ठरतं. टेक्सस रिगला टक जाणवली की शेंडा खाली, सैल दोरी गुंडाळ, आणि मग जोरात, कारण गळाला आधी प्लास्टिक फोडायचंय. कधीकधी टक जाणवतच नाही, दोरी नुसती बाजूला सरकायला लागते, तेव्हाही हेच. नुसतीच बारीक टकटकटक असेल तर बहुतेक सनफिश वर्मची शेपटी कुरतडतायत, ते सोडून दे. क्रँकबेटसारखं तिहेरी गळाचं ल्युअर असेल तर झटका नकोच, फिरवत राहायचं, रॉड आपोआप वाकतो.

फ्रॉगचं म्हणशील तर तू पाणी फुटलेलं बघून झटका मारतोयस. सगळे मारतात, मीही मारतो अजून. डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, हाताला वजन लागलं की मार. आणि शेवाळाच्या जाजमावर फ्रॉग टाकत असशील तर ५० पाउंडाची ब्रेड दोरी आणि दणकट रॉड हवा, १० पाउंडाच्या मोनोवर मासा लागला तरी तो गवतातून बाहेर येणार नाही.

प्रश्न : टेक्ससमधल्या लेक फोर्क तलावाला जातोय. मोठा लागला तर घरी आणता येईल का?

तिथे १६ ते २४ इंचांमधला बास परत सोडावाच लागतो, २४ च्या वरचा दिवसाला एकच ठेवता येतो. पण मोठे मासे बहुतेक माद्याच असतात, फोटो काढून सोड. जबडा धरून उभाच धर, आडवा करायचा तर दुसरा हात पोटाखाली ओला करून घाल. १३ पाउंडाचा लागला तर मात्र फोन फिरव, जानेवारी ते मार्चमध्ये राज्याचं मत्स्य खातं असे मासे पैदाशीसाठी मागून घेतं, १९८६ पासून चालू आहे. जगातला विक्रम २२ पाउंड ४ औंसांचा, १९३२ सालचा, जॉर्जियात. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याची बरोबरी झाली, तेव्हा आपण १३ वर समाधानी राहू.

प्रश्न : डिसेंबरमध्ये मालवणला जाणार आहे. चोणक म्हणजे पण सी बासच ना? माझं हेच सामान चालेल?

चोणक म्हणजे आमच्या रायगडचा जिताडा, इंग्रजीत एशियन सी बास, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. नावात बास आहे, पण लार्जमाउथशी, म्हणजे आपण इथे गरवतो त्या बासशी, जवळचं नातं नाही, लार्जमाउथ सनफिशच्या घराण्यातला. सवयी मात्र जुळतात, तोही आडोशाला दबा धरतो, तोही तोंडात ओढतो, लागला की उड्या मारून मान झटकतो. त्याची आणखी गंमत म्हणजे तो नर म्हणून वाढतो आणि मोठा झाला की मादी होतो.

तुझं सामान निम्मं चालेल. वर्म, पॉपर ने. पण चोणकाच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, साधी दोरी सप्पकन कापते, म्हणून पुढे दोन-तीन फूट ४० पाउंडाचा लीडर (गळाआधी जोडायचा जाड दोरीचा तुकडा) हवाच, मागे ३० ची ब्रेड, ४००० चं रीळ. बासच्या ल्युअरचे बारीक तिहेरी गळ सरळ होतील, जाड घालून ने. आणि तिथे घड्याळ बघून जाऊ नकोस, सुकती बघून जा. खाडीतलं पाणी उतरताना तिवरांच्या मुळांतून छोटी मासळी बाहेर पडते, तिथेच तोंडाशी तो थांबतो. गावातल्या एखाद्या गरी टाकणाऱ्याला विचार, तो तुझ्या ल्युअरकडे बघून हसेल आणि हातात जिवंत कोळंबी देईल. ती घे. शिंगाखालून गळ घाल, डोक्यातला काळा ठिपका चुकवून, म्हणजे बराच वेळ जिवंत राहते.

घरी आलास की रीळ गोड्या पाण्याने धू, त्याच रात्री, जेवायच्या आधी.