पावसाळ्यात बाइकची चेन खडखडतेय, लगेच बदलावी का?

लगेच नको, आधी ढिलाई बघा. गाडी न्यूट्रलमध्ये डबल स्टँडवर घ्या आणि खालच्या बाजूला मधोमध बोटाने चेन वर-खाली करा. चेन कव्हर बंद असेल तर त्याचं छोटं रबरी झाकण काढून बघता येतं. १००-१२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना साधारण २० ते ३० मिमी हालचाल चालते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा. एकीकडे ताठ, दुसरीकडे सैल लागली तर चेन संपत आलीय. मग स्प्रॉकेटसकट (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं) पूर्ण नवं किट बसवा, कारण झिजलेले दाते नवी चेनही लवकर खातात.

ढिलाई बरोबर असेल तर चेन बहुधा कोरडी पडलीय. डिझेल आणि जुन्या ब्रशने चिखल काढा, पुसा, ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. पेट्रोल नको, चेनच्या कड्यांमध्ये ओ-रिंग (रबरी रिंगा) असतील तर रबर खराब होतं.

आणि हे इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवतच करा. चालू इंजिनवर चेन पुसताना फडक्याबरोबर बोटं आत ओढली जातात, कृपया तो शॉर्टकट घेऊ नका. मी एरवी दर ५०० किमीला ऑइल लावतो, पावसात त्याहून लवकर.