अमेरिका आखातात फक्त तेलासाठीच लुडबुड करते का? आता तर तिच्याकडे स्वतःचंच भरपूर तेल आहे ना?

तेल पळवायला जाते हे साफ चूक. लोकशाही वाचवायला जाते हे त्याहून चूक. आखाताच्या तेलाचा नळ एकाच माणसाच्या हातात जाऊ नये, आणि गेलाच तर तो आपलं ऐकणारा असावा, एवढ्यासाठी अमेरिका तिथे ठाण मांडून आहे. २ ऑगस्ट १९९० ला, सद्दामच्या इराकने कुवेत घेतलं त्या दिवशी, मी तिथेच होतो. आणि आमच्या डोंबिवलीच्या साडूंशी या विषयावरून माझं कधीच पटलेलं नाही, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी तुमचं "स्वतःचं तेल". खरं आहे, २०१८ पासून जगात सगळ्यात जास्त कच्चं तेल अमेरिकाच काढते. आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून एरवी रोज दोन कोटी बॅरलच्या आसपास तेल जातं, आणि त्यातलं बहुतेक आशियात येतं. चीन, भारत, जपान, कोरिया. तिथे अडलं की पहिली पंचाईत आपली. पण भाव जगाच्या बाजारात ठरतो, म्हणून टेक्सासवाल्यालाही पेट्रोल महाग पडतं. आणि चीनचं तेल ज्या वाटेने जातं त्या वाटेवर, बहरीनमध्ये, अमेरिकेचं आरमार उभं असणं किती सोयीचं आहे हे वॉशिंग्टनला कुणी शिकवायला नको.

हे काही काल सुरू झालेलं नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट याल्टा परिषदेहून परतताना सुवेझ कालव्यात बोट थांबवून सौदीचा राजा इब्न सौदला भेटले. इराणच्या मोसादेकने तेल सरकारी केलं म्हणून ब्रिटनला झोंबलं आणि १९५३ मध्ये अमेरिकेने हात देऊन त्याला उलथवला. निवडून आलेला पंतप्रधान होता तो. मग जानेवारी १९८० मध्ये अध्यक्ष कार्टरनी उघडच सांगितलं की बाहेरच्या कुणी पर्शियन आखातावर ताबा मिळवायचा प्रयत्न केला तर तो आमच्या हितसंबंधांवरचा हल्ला समजू आणि लष्कर वापरून परतवू. रशियन फौजा तेव्हा नुकत्याच अफगाणिस्तानात शिरल्या होत्या.

पण धोका आला तो बाहेरून नाही, ज्याला हाताशी धरलं होतं त्याच्याकडूनच. १९८० मध्ये सुरू झालेल्या इराण-इराक युद्धात इराण जिंकू नये म्हणून सद्दामला धान्यासाठी कर्जाची हमी, गुप्त माहिती, सगळं पुरवलं गेलं. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेचे खास दूत रम्सफेल्ड बगदादला जाऊन त्याच्याशी हात मिळवून आले, आणि इराक विषारी वायू वापरतोय हे तेव्हा त्यांच्या सरकारला ठाऊक होतं. १९८७ मध्ये इराण कुवेतच्या टँकरवर हल्ले करत होता. कुवेतने अमेरिका आणि रशिया दोघांकडे मदत मागितली. रशियाने तीन टँकर भाड्याने देऊ केल्यावर अमेरिकेची चक्रं फिरली आणि कुवेतच्या अकरा टँकरवर अमेरिकन झेंडा चढला. मी तेव्हा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर होतो. आमचा माल शुऐबा बंदरातून यायचा, त्यामुळे रोज तिथे याच गप्पा.

आता तो २ ऑगस्टचा दिवस. गुरुवार होता. फरवानियातल्या आमच्या खोलीवर सकाळी सहाला मिस्त्री दार बडवत आला, "रिंग रोडवर रणगाडे आहेत." आम्हाला वाटलं कुवेतींचेच असतील. खाली उतरलो तर कोपऱ्यावरच्या बाकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, दोन इराकी पोरं, बंदुका खांद्यावर, पाणी मागत होती. एकाच्या बुटाला नाडीच्या जागी वायर बांधलेली. जगातल्या तेलसाठ्याचा पाचवा हिस्सा त्या दिवशी एका माणसाच्या ताब्यात गेला, तो अशा पोरांच्या जिवावर.

पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, मालक उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी. मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, कॅशियरने शेवटी तिजोरी उघडली म्हणून सुटलो. जुलैचा पगार आजतागायत मिळालेला नाही. जो कुवेती दिनार घरी पाठवला की साठ रुपये व्हायचे, तो इराकने आपल्या कवडीमोलाच्या दिनाराबरोबर एकास एक करून टाकला. बसने बसरा, बगदाद, मग जॉर्डनच्या सरहद्दीवर रुवैशिदच्या वाळवंटात तंबू. पुढे अम्मान आणि एअर इंडियाचं विमान. आमच्यासारखे लाखाहून जास्त भारतीय असेच आले. आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री गुजराल यांनी बगदादला जाऊन सद्दामला मिठी मारली म्हणून साडू अजून नाकं मुरडतात. सरहद्द ज्याच्या हातात होती त्याच्याशीच बोलावं लागणार होतं ना! रम्सफेल्डचा हात मात्र त्यांना दिसत नाही.

साडूंचं म्हणणं असं की अमेरिकेने कुवेत सोडवलं, तुझी नोकरी परत दिली, वर तुला भरपाईही दिली. पहिल्या दोन गोष्टी कबूल. इराकने कुवेतला आपला एकोणिसावा प्रांत जाहीर केलं होतं, अमेरिका नसती तर ते तसंच राहिलं असतं, आणि मुक्तीनंतर मी त्याच गावात परत नोकरी केली. पण भरपाई? ती आली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून, आणि पैसा होता इराकच्या तेलविक्रीतून कापलेला. माझा डीडी आला तेव्हा इराकवर निर्बंध होते आणि तिथे इस्पितळात औषधं मिळत नव्हती. एकूण बावन्न अब्ज डॉलर असे वसूल झाले, शेवटचा हप्ता २०२२ मध्ये. कुवेत सोडवायच्या युद्धाच्या सुमारे ६१ अब्ज खर्चातलेही पन्नासहून जास्त सौदी, कुवेत, जपान, जर्मनी वगैरेंनी भरले. साडूंसारख्या आयुष्य बँकेत काढलेल्या माणसाला पैसे कुणाच्या खात्यातून गेले ते कळू नये?

आता "तेल लुटलं" म्हणणाऱ्यांसाठी. २००३ मध्ये अमेरिकेने इराक घेतला, पण २००९ च्या लिलावात रुमैलाचं सगळ्यात मोठं क्षेत्र गेलं ब्रिटिश बीपी आणि चिनी कंपनीला. लुटायलाच गेले असते तर असा लिलाव झाला असता का? २००३ ची कारणं मात्र वेगळी आहेत, तिथे नुसत्या तेलाने हिशोब लागत नाही, आणि त्या वेळी मी तिकडे नव्हतो. शिवाय मी बोलतोय ते परक्या नोकरदाराच्या जागेवरून. माझ्या कुवेती साहेबाचा भाऊ त्या सात महिन्यांत बेपत्ता झाला, त्याच्यासमोर मी यातलं अवाक्षर काढलं नसतं.

परीक्षेसाठी विचारत असाल तर कार्टर १९८० लिहा, मार्क मिळतील. घरातल्या कुणाला गप्प करायचं असेल तर एवढंच विचारा: कुवेतच्या अमीराने १९८६ मध्ये संसद बरखास्त केली, तेव्हा लोकशाहीवाली अमेरिका काय करत होती? दर गणपतीला मी साडूंना हे विचारतो. ते मोदक पुढे करतात.