वारा किती, ते सगळे सांगतात. पाणी किती, ते विचारा

मागच्या अंकात समुद्रकाठच्या तेलाच्या टाक्या आणि चक्रीवादळं यावर दोन पानं लिहिली होती, त्यात एवढंच म्हटलं होतं की अशा प्रकल्पांच्या रिपोर्टात वाऱ्याचा आकडा ठळक अक्षरात असतो आणि पाण्याचा आकडा कुठेतरी परिशिष्टात. त्यावर बरीच पत्रं आली, काही चिडलेली पण आहेत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, जी निवडली ती खाली.

प्रश्न : आमच्या इथल्या प्रकल्पाच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की टाक्या ताशी 250 किलोमीटर वाऱ्याला टिकतील. मग तुम्ही उगाच घाबरवताय असं नाही का वाटत?

टिकतील हो, वाऱ्याला टिकतील, त्यावर माझं काही म्हणणं नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो हे डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं आणि ते गणित तो नीट करतो. पण मोठी टाकी वाऱ्याने जाण्याआधी बऱ्याचदा पाण्याने जाते आणि ती फुटत नाही, तरंगते.

एक हिशोब करून बघा, वहीच्या मागच्या पानावर होईल एवढाच आहे. 30 मीटर व्यासाची, 12 मीटर उंच टाकी घ्या. तळाचं क्षेत्रफळ साधारण 707 चौरस मीटर. सगळं लोखंड धरून रिकाम्या टाकीचं वजन समजा 200 टन. आता बाहेर एक मीटर पाणी साचलं तर ते पाणी टाकीला 700 टनांच्या वर जोर लावून उचलतंय, आणि खाली दाबायला आहेत फक्त 200 टन! म्हणजे रिकामी टाकी उचलली जायला फूटभर पाणी पुरतं. बाहेर दोन मीटर पाणी असेल तर ती जागेवर राहावी म्हणून आत निदान दोन मीटर तेल हवं, पेट्रोलसारखं हलकं असेल तर अजून जास्त, आणि पाणी अंदाजापेक्षा वर आलं तर म्हणून वर थोडं मार्जिन. म्हणून वादळ यायच्या आधी शहाणी माणसं टाक्या रिकाम्या करत नाहीत, भरतात, तेल नसेल तर पाणी भरतात. ऐकायला उलटं वाटतं ना? लोक म्हणतात तेल काढून घ्या म्हणजे सांडायला काही उरणार नाही, पण टाकी हलली की पाइप तुटतो आणि मग एका टाकीपुरती गोष्ट राहत नाही.

2005 च्या कतरिना वादळात लुईझियानातल्या मेरो गावच्या रिफायनरीत हेच झालं. अडीच लाख बॅरलची टाकी, आत 65 हजार बॅरल कच्चं तेल (क्रूड), म्हणजे पाव टाकी भरलेली, तरी पुराच्या पाण्याने ती जागेवरून उचलली. 25 हजार बॅरलच्या आसपास तेल बाहेर आलं, म्हणजे जवळजवळ 40 लाख लिटर, आणि ते पुराच्या पाण्यावरून शेजारच्या वस्तीत 1,800 च्या आसपास घरांमध्ये शिरलं. पुढे कोर्टातली तडजोड 33 कोटी डॉलरची झाली. घरात पुराचा गाळ आला तर तो निघतो, क्रूड मिसळलेला गाळ भिंतीच्या आत जातो, तो काय धुऊन निघणार.

आणि वादळाची एक ते पाचमधली कॅटेगरी बघून पाण्याचा अंदाज बांधू नका, ती कॅटेगरी फक्त वाऱ्यावरून ठरते. 2008 चं आइक किनाऱ्याला लागलं तेव्हा कॅटेगरी दोन होतं, पण पसरलेलं अवाढव्य, त्यामुळे टेक्सासच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी पंधरा-वीस फूट पाणी चढलं. समुद्रतळ उथळ असेल, किनारा आत वळलेला असेल आणि नेमकी भरतीची वेळ गाठली असेल तर मध्यम वादळ पण भारी पडतं.

प्रश्न : "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" धरून प्लांट बांधलाय म्हणतात. म्हणजे आपल्या हयातीत तरी काळजी नाही ना?

हा शब्दच बदलायला हवा असं मला कधीपासून वाटतंय. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. असा पूर गेल्या वर्षी येऊन गेला तरी या वर्षी पुन्हा एक टक्का आहेच, पाणी काय कॅलेंडर बघत नाही. प्लांट 30 वर्षं चालला तर त्या काळात एकदा तरी तो पूर येण्याची शक्यता 26 टक्के, 50 वर्षं चालला तर जवळजवळ 40 टक्के. चाळीस टक्के अपघाताची शक्यता असलेल्या गाडीत तुम्ही बसाल का?

दुसरं म्हणजे तो एक टक्का जुन्या नोंदींवरून काढलेला असतो. 1901 ते 2018 मध्ये जगभरात समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटिमीटर वाढली, आणि काही किनाऱ्यांवर जमीनच खाली जातेय. गंमत म्हणजे ती कधी कधी तेल काढूनच खाली जाते. टेक्सासमधलं गूज क्रीक हे तेलक्षेत्र 1920 च्या दशकापर्यंत तीन फुटांहून जास्त खचलं होतं, खाडीकाठची जमीन पाण्याखाली गेली. म्हणजे समुद्र वर आणि आपण खाली, आणि रिपोर्टात मात्र नकाशा जुनाच.

नकाशा नवा असला तरी तो कुणीतरी वाचायला लागतो. 2017 मध्ये हार्वे वादळाच्या वेळी टेक्सासच्या क्रॉस्बीत एका केमिकल प्लांटमध्ये ऑरगॅनिक पेरॉक्साइड होते, थंड ठेवले नाहीत तर आपोआप पेटणारी रसायनं. पाणी चढलं, वीज गेली, जनरेटर गेले, शेवटी कामगारांनी माल रेफ्रिजरेटेड ट्रेलर्समध्ये हलवला, मग ट्रेलर्स पण बंद पडले आणि 31 ऑगस्टला आग लागली. दीड मैलाच्या परिसरातली 200 हून जास्त माणसं हलवावी लागली. नंतर चौकशीत निघालं की पूरक्षेत्राचा नकाशा 2007 मध्येच बदलला होता आणि प्लांट त्यात बसत होता, पण तिथे काम करणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

प्रश्न : मी सेफ्टीमध्ये नवीन आहे. टाकीभोवतीची डाइक वॉल सगळ्यात मोठ्या टाकीच्या 110 टक्के क्षमतेची असली की झालं, असं सिनियर सांगतात. बरोबर आहे का?

कोरड्या दिवसाला बरोबर आहे. डाइक वॉल बांधतात ती आतलं तेल बाहेर जाऊ नये म्हणून, बाहेरचा समुद्र आत येऊ नये म्हणून नाही, आणि उधाणाचं पाणी भिंतीवरून आत आलं की तेल त्या पाण्यावर तरंगत भिंत ओलांडून आरामात निघून जातं. पावसाचं पण धरा. हार्वेमध्ये टेक्सासच्या नेदरलँड गावी एकूण 60 इंचांच्या वर पाऊस पडला, म्हणजे दीड मीटर, काही ठिकाणी डाइक वॉलची उंचीच तेवढी असते. वरचे दहा टक्के तिथेच संपले.

एक माझ्या डोळ्यांसमोरचं सांगतो, कंपनीचं नाव नको. पावसाळ्याआधीच्या राउंडला गेलो होतो. डाइकचा ड्रेन व्हॉल्व्ह कायम बंद ठेवायचा आणि पाणी साचलं की माणूस उभा राहून, तेलाची तवंग नाही ना बघून, मग सोडायचं असा नियम. चेकलिस्टवर वर्षभर "बंद" अशी टिक होती. जाऊन बघितलं तर व्हीलला गंज चढून ते फिरतच नव्हतं, आणि अडकलं होतं ते अर्धवट उघडं! टिक करणारा खोटं बोलत होता असं नाही, तो लांबून बघत होता, लांबून ते बंदच दिसायचं. त्याच भिंतीतून पाइप गेला होता आणि त्याच्या भोवतीची फट गोणपाटाने बुजवली होती. कागदावर 110 टक्के, खरं म्हणजे शून्य. तेव्हा सिनियरला उलट बोलू नका पण एकदा स्वतः हाताने व्हील फिरवून बघा.

प्रश्न : फ्लोटिंग रूफची टाकी पावसात बुडते म्हणे, छप्पर कसं काय बुडेल?

टाकी बुडत नाही, छप्पर बुडतं. हे छप्पर तेलावरच तरंगत असतं, वाफ उडू नये म्हणून, आणि वरून उघडं असतं. पावसाचं पाणी छपराच्या मधल्या खड्ड्यात जमतं, तिथून एक होज किंवा सांध्यांचा पाइप तेलाच्या आतूनच खाली जातो आणि टाकीच्या तळाशी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. आता होज कुठे फाटला तर त्याच वाटेने तेल बाहेर येईल, म्हणून बरेच जण तो व्हॉल्व्ह बंद ठेवतात. बंद ठेवला की पाऊस वर साचतो. एपीआय 650 या तेलाच्या टाक्यांच्या अमेरिकन स्टँडर्डप्रमाणे ड्रेन चालत नसेल तरी 24 तासांत दहा इंच पाऊस छपराने सोसायला हवा, पण हार्वेमध्ये काही ठिकाणी त्याच्या कितीतरी पुढे गेला आणि अनेक छपरं एका बाजूने कलंडून तेलात गेली. मग उघड्या तेलाची वाफ थेट हवेत, एखादी वीज पडली तर विचारायलाच नको. छपराला तरंगत ठेवणाऱ्या पोकळ कप्प्यांत, म्हणजे पंटूनमध्ये, आधीपासूनच गळून पाणी भरलेलं असेल तर दहा इंच पण लागत नाहीत, म्हणून पंटूनची झाकणं उघडून बघणं हे वादळाच्या आदल्या दिवशीचं काम नाही, महिनाभर आधीचं आहे.

प्रश्न : एलपीजीच्या टाक्या तर जड पोलादाच्या, त्या तरी तरंगणार नाहीत ना?

त्या तर जास्तच. एलपीजी पाण्याच्या निम्म्या वजनाचं असतं. 100 घनमीटरचा बुलेट, म्हणजे आडवी लांबट टाकी, घ्या, नियमाप्रमाणे भरलेला, तरी पोलाद धरून वजन पाऊणशे टनांच्या आसपास, आणि तो पूर्ण पाण्याखाली गेला तर पाणी उचलतंय शंभर टनांनी. भरलेला असला तरी वर यायला बघणार. त्याला धरून ठेवतात ते पट्टे आणि बोल्ट, त्यांचा गंज बघा.

प्रश्न : समुद्र एवढा मोठा, वादळाच्या लाटांत तेल पांगून जातं असं वाचलं होतं. मग पर्यावरणाचं एवढं काय?

खुल्या समुद्रात हलकं तेल पांगतं, काही उडून जातं, हे खरं. पण वादळ ते तेल खुल्या समुद्राकडे नेत नाही, किनाऱ्याच्या आत ढकलतं, एरवी भरतीचं पाणी पोचत नाही तिथपर्यंत. तेलगळतीच्या कामात किनाऱ्यांना 1 ते 10 असे नंबर देतात, लाटा आपटणारा उघडा कातळ 1 आणि खारफुटी, दलदल 10. कातळ लाटाच धुऊन टाकतात. खारफुटीची श्वासमुळं चिखलातून वर आलेली असतात, त्यांवर तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं, आणि साफ करायला माणसं आत घुसली की तेच तेल पायांनी चिखलात अजून खोल जातं. तिथे कधी कधी हात न लावणं बरं, हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड.

आणि हीच दलदल उधाणाचा जोर थोडा कमी करते. लुईझियानाने 1932 ते 2016 मध्ये पाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास किनारी जमीन गमावली, त्याची कारणं बरीच आहेत पण तेल-गॅससाठी खणलेले कालवे त्यातलं एक. म्हणजे स्वतःच्या पुढची ढाल स्वतःच कापली.

प्रश्न : वादळाआधी प्लांट बंद केला की धोका संपला ना?

कमी होतो, संपत नाही. बंद करताना आणि परत चालू करताना फ्लेअरमधून, म्हणजे जादा गॅस जाळायच्या धुराड्यातून, एरवीपेक्षा कितीतरी जास्त जळतं, आणि घाईत बंद केलेल्या युनिटमध्ये काय अडकून राहिलंय ते चालू करतानाच कळतं. किती तास आधी निर्णय घ्यायचा आणि तो कोण घेणार, हे लिहून ठेवलेलं असावं.

प्रश्न : समुद्रातल्या तेल काढायच्या प्लॅटफॉर्मचं काय?

त्यावर वेगळं लिहीन कधीतरी. एकच सांगतो, 2004 च्या इव्हान वादळात टेलर एनर्जी या तेल कंपनीचा मेक्सिकोच्या आखातातला प्लॅटफॉर्म कोसळला कारण लाटांनी समुद्रतळाचा चिखलच घसरला, विहिरी चिखलाखाली गाडल्या गेल्या, आणि तिथून येणारं तेल पकडायची यंत्रणा बसली 2019 मध्ये. पुढच्याच वर्षी, 2005 ला, कतरिना आणि रिटा मिळून 113 प्लॅटफॉर्म गेले.

प्रश्न : आम्ही इंजिनियर नाही. चारशे पानांचा रिपोर्ट हातात आलाय, सुनावणी परवा आहे. एका संध्याकाळी काय बघू?

आधी बघा की अपघात सुटे सुटे धरलेत का एकत्र. बहुतेक रिपोर्टात पंप बंद पडण्याची शक्यता अमुक, वीज जाण्याची तमुक, आग विझवायचं पाणी न मिळण्याची ढमुक, मग सगळ्यांचा गुणाकार आणि उत्तर येतं दहा लाखांत एक. वादळात तो गुणाकारच चुकतो कारण वीज, रस्ता, फोन, पंप आणि ड्युटीवरची माणसं सगळं एकाच रात्री जातं. त्या रात्री शिफ्टवर कोण असेल, त्याच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलेलं असेल का, तेल अडवायचे बूम आणि बोटी कुठल्या गोदामात आहेत आणि ते गोदाम किती उंचीवर आहे, हे विचारा.

मग ड्रॉइंगमधून तीन उंच्या शोधून काढा. सब-स्टेशनची फरशी, डीजी सेटचा (डिझेल जनरेटरचा) चौथरा आणि फायर पंपाची मोटर. त्यांच्याशेजारी रिपोर्टात धरलेली पाण्याची पातळी लिहा. इथे एक गोम आहे, आकडे एकाच शून्यापासून मोजलेले नसतात. बंदरवाले चार्ट डेटमपासून मोजतात, ते साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीच्या जवळपास असतं, सिव्हिलवाले सरासरी समुद्रपातळीपासून, आणि प्लांटवाले कधी कधी गेटजवळचा एखादा दगड शून्य धरतात. पाणी 5 मीटर आणि फरशी 6 मीटर असं वाचून आपण निश्चिंत होतो, पण फरशीचे 6 चार्ट डेटमपासून आणि पाण्याचे 5 सरासरी पातळीपासून असतील तर मोठ्या भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर फरशी मीटर-दीड मीटर पाण्याखाली असू शकते. सुनावणीत बाकी काही बोलता आलं नाही तरी चालेल, हे दोन आकडे कुठल्या शून्यापासून आहेत एवढं विचारा आणि उत्तर लेखी मागा.