फिल्टर-सायलेन्सर बदलून पिकअप वाढतो का?

प्रश्न : माझी 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक, 80 हजार किमी झालेत. कन्नडच्या घाटात एसी लावला की गाडी पार रडते. गॅरेजवाला म्हणतोय कोन फिल्टर (कंपनीच्या बंद डब्याऐवजी बसवतात तो शंकूसारखा उघडा एअर फिल्टर), इरिडियम स्पार्क प्लग, फ्री-फ्लो सायलेन्सर (धूर कमी अडवणारा, मोकळा) टाक, 20 हजारात काम होईल. टाकू का? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : भाऊ, 20 हजार खिशातच ठेवा. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या छोट्या इंजिनात एवढं सगळं करून दोन-चार हॉर्सपॉवर मिळाली तरी खूप झालं, आवाज मात्र वाढतो आणि आवाजामुळेच वाटतं की गाडी पळतेय (पोलिसांनाही तो ऐकू येतो बरं). कोन फिल्टर बॉनेटमधलीच गरम हवा ओढतो, हवा 10 डिग्री तापली की साधारण 3 टक्के पातळ होते आणि पातळ हवेत ताकद कमी, मग आपल्याकडे मे महिन्यात काय होत असेल बघा. मीही हौसेने लावला होता, सहा महिन्यांनी फिल्टरमागचा, इंजिनाकडे जाणारा पाईप काढून आत बोट फिरवलं तर बोटाला चक्क मातीचा पिवळा थर! तो काढून मूळचाच फिल्टर बॉक्स परत बसवला. इरिडियम प्लग टिकतात जास्त, पण ताकद वाढवत नाहीत.

तुमची गाडी अशक्त नाही, थकलीय. साधा एअर फिल्टर, प्लग नवीन टाका, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करा, टायरची हवा आणि क्लच बघून घ्या. टर्बो डिझेल असती तर रिमॅपचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलण्याचा) विचार करा म्हटलं असतं, तिथे फरक खरंच जाणवतो. आणि घाटात गिअर खाली टाका हो, तिसऱ्यावर 1500 आरपीएमला ओढत बसाल तर कुठलीही गाडी रडणारच.