तबेल्यातली सुट्टी

प्रश्न : मुलगी टेक्सासला शिकते. अपंग मुलांना घोड्यावर बसवून उपचार देणाऱ्या एका ख्रिस्ती रँचवर उन्हाळाभर बिनपगारी काम करायचं म्हणते. राहणं-जेवण तिथंच. जाऊ द्यावं का? धर्माचं काही मागे लागेल का? – एक आई, ठाणे

उत्तर : धर्माचं आधी सांगते, खरी काळजी तीच दिसतेय. अशाच एका रँचवर मी उन्हाळा काढलाय. सकाळी सगळे गोल करून प्रार्थना करायचे, मी नुसती उभी राहायचे. कुणी हटकलं नाही. काही ठिकाणी मात्र श्रद्धेच्या निवेदनावर, म्हणजे ‘ही ख्रिस्ती तत्त्वं मला मान्य आहेत’ अशा कागदावर, सही मागतात. तो कागद अर्जाआधी मागवून वाचा. पटला नाही तर नाद सोडा.

काम अंगमेहनतीचं. निम्मा वेळ लीद उचलण्यात आणि आकड्याने खुरातली माती काढण्यात जातो. मूल घोड्यावर बसलं की एकजण घोडा धरतो, दोघं दोन बाजूंनी मुलाच्या मांडीवर हात आडवा ठेवून चालतात. तसा हात धरून वाळूत चालताना खांदा असा भरून येतो म्हणून सांगू! पण घोड्याच्या चालीने स्वाराची कंबर आपण चालताना हलते तशीच हलते, सगळी मेख तिथे आहे. डेन्मार्कच्या लिस हार्टेलचे पाय पोलिओने गुडघ्याखाली लुळे होते, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीचं रौप्यपदक तिनं मिळवलं.

आणि हो, विद्यार्थी व्हिसावर फुकट राहणं-जेवण हाही मोबदला, म्हणजे परवानगीशिवाय केलेली नोकरी, धरला जाऊ शकतो. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा लेखी होकार आधी घ्यायला सांगा, तिकीट नंतर.