इम्प्रेशनिस्टांच्या वळणाचा, पण शांत दृश्यंच रंगवणारा कोणता चित्रकार पाहावा? त्याचं आयुष्य आणि शैली सांगाल का?

आन्री ल सिदानेर, फ्रेंच चित्रकार.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की इम्प्रेशनिस्टांतला, म्हणजे बदलत्या उजेडाची क्षणिक छाप रंगवणाऱ्यांतला मोने आवडतो, पण त्याच्या चित्रांत ऊन फार, आणि तुम्हाला दिवसभराच्या कामानंतर नुसतं बघत बसता येतील अशी चित्रं हवी आहेत. मग ल सिदानेरच. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. निवृत्तीनंतर मुलीकडे नेदरलँड्सला गेलो, तेव्हा ॲमस्टरडॅमपासून जवळच असलेल्या लारेन गावातल्या सिंगर संग्रहालयात त्याचं काम पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं. विल्यम सिंगर हा अमेरिकन चित्रकार त्याचा चाहता होता, त्यामुळे तिथल्या संग्रहात ल सिदानेर आहे. तोवर मला पुस्तकातलं नाव तेवढं माहीत होतं. त्या दिवशी बाकीची दालनं बघायची राहूनच गेली.

त्याच्या सर्वांत गाजलेल्या चित्रांचा विषय एकच आहे. बागेत टेबल मांडलंय. पांढरं कापड, कपबशा, फळं, कधी फुलदाणी, कधी कागदी कंदील. खुर्च्या रिकाम्या. मागे घराची भिंत आणि खिडकीत उजेड. माणूस एकही नाही. तरी चित्र ओकंबोकं वाटत नाही. पानं घेतलीत आणि मंडळी हात धुवायला गेलीत, असं वाटतं. आत्ता कुणीतरी पायऱ्या उतरून येईल म्हणून आपण थांबून राहतो.

आपल्याकडे त्या वेळेला कातरवेळ म्हणतात आणि दिवेलागणही म्हणतात. वेळ तीच, पण कातरवेळेत हुरहूर आहे आणि दिवेलागणीत घर आहे. ल सिदानेरच्या चित्रात ही दोन्ही एकदम असतात. बाहेर निळसर अंधार दाटत असतो आणि आत कुणीतरी दिवा लावलेला असतो. त्याच्याबद्दल मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही.

त्याचा जन्म 7 ऑगस्ट 1862 चा, मॉरिशसच्या पोर्ट लुईचा. घराणं मूळचं फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातलं, दर्यावर्दी. (पोर्ट लुई म्हटलं की मला आपली माणसं आठवतात. त्या काळात रत्नागिरी, सावंतवाडीकडची कुटुंबं मुंबईहून जहाजात बसून, करारावरचे मजूर म्हणून त्याच बंदरात उतरत होती.) तो दहा वर्षांचा असताना कुटुंब फ्रान्सच्या उत्तर टोकाला डंकर्कला आलं. लख्ख उन्हाच्या बेटावरून धुक्याच्या किनाऱ्यावर! त्याच्या रंगांतला तो मऊ करडेपणा याच किनाऱ्यानं दिला असं मी मानतो. हा माझा अंदाज, पण उत्तर समुद्राचं आकाश पाहिल्यावर तो पक्का झाला.

पुढे पॅरिस, आणि तिथे कला महाविद्यालयात काबानेलचा वर्ग. काबानेल म्हणजे गुळगुळीत, घोटीव, दरबारी चित्रकला. ती ल सिदानेरला मानवली नाही. 1885 मध्ये तो एताप्ल या खाडीकाठच्या मच्छीमारांच्या गावी गेला आणि 1894 पर्यंत बहुतेक काळ तिथेच राहिला. म्हणजे शिकण्याची खरी वर्षं त्यानं समुद्राजवळ काढली. त्याचं वय लक्षात घ्या. इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन 1874 चं, तेव्हा हा अकरा वर्षांचा पोर होता. मोने त्याच्याहून बावीस वर्षांनी मोठा. प्रकाशासाठी भांडण्याचं काम आधीच्या पिढीनं करून ठेवलं होतं. याला ती भाषा आयती मिळाली आणि ती त्यानं हळू आवाजात बोलायला घेतली.

सुरुवातीच्या चित्रांत माणसं आहेत. 1898 च्या 'रविवार' या मोठ्या चित्रात पांढऱ्या पोशाखातल्या मुली नदीकाठच्या उंचवट्यावर संध्याकाळी उभ्या आहेत, जणू स्वप्नात चाललेल्या. चित्र सुंदर आहे, पण त्यात जरा ठरवून आणलेली गूढता आहे. त्याच सुमारास तो बेल्जियममधल्या ब्रुजला जाऊन राहिला. तिथले कालवे, त्यांतलं न हलणारं पाणी, बंद दारं. ब्रुजनंतर त्याच्या चित्रांतून माणूस जवळजवळ नाहीसाच झाला. चित्रकार पॉल सिन्याकनं याबद्दल मार्मिक निरीक्षण नोंदवलंय, की माणसाच्या नुसत्या आकृतीनंही आपल्या चित्रातली शांतता मोडेल अशी भीतीच जणू त्याला वाटत असावी.

आणि मग झेर्बरवा. हा भाग सांगताना मला घाई करायची नाही.

त्याला घर हवं होतं आणि बाग करायला जमीन हवी होती. शिल्पकार रोदँनं बोव्हे शहराच्या आसपासचा मुलूख सुचवला. तिथल्या ऑग्युस्त दलाएर्श या मातीकामातल्या कलावंतानं नेमकं गाव सांगितलं. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडी आणि पिकार्डी या प्रांतांच्या सीमेवरचं झेर्बरवा, एके काळचं तटबंदीचं गाव, किल्ला ढासळलेला, वस्ती मूठभर. ल सिदानेर 1901 मध्ये तिथे गेला आणि 1904 मध्ये घर विकत घेतलं. मग त्यानं किल्ल्याच्या पडक्या भिंतींवर टप्प्याटप्प्यानं बाग चढवत नेली. एक भाग नुसत्या पांढऱ्या फुलांचा, एक निळ्या-पिवळ्या फुलांचा, एक गुलाबांचा. आधी जमिनीवर रंग लावायचे, ते फुलायची वाट बघायची आणि मग कॅनव्हासकडे वळायचं. पांढऱ्या बागेत पांढरं टेबल मांडून तो संध्याकाळची वाट बघे. पुढे सगळ्या गावानंच गुलाब लावले. आज ते फ्रान्समधल्या देखण्या गावांत मोजलं जातं. घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनी ती बाग राखली आहे आणि हंगामात ती पाहता येते. बोव्हेपर्यंत पॅरिसहून आगगाडी आहे.

आता शैली. लांबून त्याचं चित्र एकसंध मऊ दिसतं. जवळ गेलात की कळतं, सगळा पृष्ठभाग बारीक, कोरड्या, तुटक फटकाऱ्यांचा आहे. सिन्याक आणि सरा हे चित्रकार शुद्ध रंगांचे सुटे ठिपके शेजारी ठेवून चित्र उभं करत, त्या ठिपक्यांशी त्याचं नातं आहे, पण त्यांच्यासारखी रंगशास्त्राची शिस्त त्यात नाही. करडा रंग तो पॅलेटवर कालवून सरसकट फासत नाही. फिका जांभळा, निळसर हिरवा, मळकट गुलाबी असे शेजारी शेजारी ठेवतो आणि तुमचा डोळा त्यांचा करडा करतो. टेबलावरचं पांढरं कापड नीट बघा. त्यात कोरा पांढरा शोधावा लागतो.

दुसरं म्हणजे, मोने जागेवर उभा राहून बदलत्या उजेडामागे धावला. ल सिदानेर जागेवर रेखाटनं, छोटे रंगीत कच्चे आराखडे करी आणि मोठं चित्र स्टुडिओत आठवणीतून रंगवी. संध्याकाळ रंगवणाऱ्याला दुसरा मार्गही नाही, बघता बघता उजेड जातो. पण आठवणीतून रंगवल्यानं झालं असं की क्षुल्लक तपशील गळून गेले आणि मनात उरलेलं तेवढं चित्रात आलं.

एक प्रयोग करून बघा, मी वर्गातल्या मुलांकडून करून घ्यायचो. सूर्य बुडाल्यावर बागेत जा. दुपारी सगळ्यात उठून दिसणारी लाल जास्वंद आधी काळी पडते. गोकर्णाचं निळं फूल मात्र बराच वेळ दिसत राहतं, उलट उजळल्यासारखं वाटतं. उजेड कमी झाला की आपला डोळा तांबड्याला आधी सोडतो आणि निळ्या-हिरव्याला धरून ठेवतो. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं. ल सिदानेरची संध्याकाळ खरी वाटते ती यामुळे. त्याची पानं, सावल्या, कापड सगळं निळ्याकडे झुकलेलं असतं आणि त्यात खिडकीचा एवढासा नारिंगी चौकोन असतो. तो चौकोन अंगठ्यानं झाकून बघा, चित्र एकदम थंड पडतं.

त्याला हयातीत मान भरपूर मिळाला. 1925 मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी प्रदर्शनात त्याच्या चित्राला पहिलं पारितोषिक मिळालं, 1930 मध्ये फ्रान्सच्या ललित कला अकादमीत निवड झाली. जुलै 1939 मध्ये तो गेला, महायुद्धाला काही आठवडे उरले असताना. नंतर नाव मागे पडलं. पिकासो, मातिस यांच्या काळात बागेतलं टेबल रंगवणारा माणूस जुनाट वाटला असणार. गोड, निरुपद्रवी चित्रं, असाही शेरा ऐकू येतो. त्याच्या व्हेनिसच्या काही चित्रांबाबत मला तो थोडा पटतो. तिथे जागाच इतकी देखणी की त्याला करायला फार काही उरलं नाही. पण झेर्बरवाच्या टेबलांना तो शेरा लागू नाही. त्या खुर्च्या नुसत्या गोड नाहीत. कुणीतरी येणार आहे की कुणीतरी नुकतंच उठून गेलंय, हे त्या सांगत नाहीत, आणि ते कळेपर्यंत नजर हलत नाही.

तुम्ही सुरुवात टेबलांपासून करा, मग रात्रीच्या खिडक्या आणि बर्फातली गल्ली, ब्रुज शेवटी. मोबाइलवर बघणार असाल तर पडद्याचा उजेड कमी करा. आणि जमलं तर दिवेलागणीलाच बघा, घरातला दिवा लावायच्या आधी.