आधी वाचत नाही म्हणून तक्रार, आता भलतंच वाचतो म्हणून

मॅडम, मुलांना वाचायला काय द्यावं, एक लिस्ट द्या ना. हे मला समुपदेशनाला येणारे पालक इतक्या वेळा म्हणतात की आता मी आधी विचारते, लिस्ट कोणासाठी हवीय, मुलासाठी की तुमच्यासाठी? असं का म्हणते त्यासाठी ही एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा नववीतला, इंग्लिश मीडियमचा. वडिलांना वाचनाचं वेड, घरात पुस्तकांनी भरलेलं कपाट, आणि तक्रार नेहमीचीच की हा पुस्तकाला हात लावत नाही, सतत मोबाईल. या वेळी मात्र आईचा सूर वेगळा होता. मिलिंद बोकिलांचं 'शाळा' त्याच्या दप्तरात सापडलं, मावसभावाकडून आणलेलं. त्यांनी मधलीच चार पानं वाचली आणि हादरल्याच. "अहो यात नववीतली पोरं मुलींच्या मागे फिरतायत, लाइन काय देतात, शिव्या काय, हे वय आहे का असलं वाचायचं?" मी म्हटलं, वय तेच आहे की, पुस्तकातला मुकुंद जोशी पण नववीतच आहे. त्यांना काही हसू आलं नाही.

वडील पिशवी भरून पुस्तकं घेऊन आलेले, म्हणजे आम्ही काय काय आणून दिलं त्याचा पुरावा. 'श्यामची आई', फास्टर फेणेचे भाग, 'गोट्या'. सगळी कोरी करकरीत. एकाच्या पहिल्या पानावर निळ्या पेनने वळणदार अक्षरात लिहिलेलं, चि.स वाढदिवसानिमित्त, वाचून दहा ओळींत सारांश लिहिणे. खाली तारीख आणि सही! मी ते पान त्यांच्यासमोर धरलं आणि विचारलं, तुम्हाला कोणी असा सारांश लिहायला लावला होता का हो? म्हणाले नाही, आम्ही तर सुट्टीत माळ्यावर लपून वाचायचो. बस, आजार तिथेच आहे.

मग मुलाशी एकट्याशी बोलले. वाटलं होतं मुकुंदला आवडणाऱ्या शिरोडकरबद्दल बोलेल, पण तो बोलला नरूमामाबद्दल. मुकुंद ज्याच्याशी सगळं बोलू शकतो तो मामा. "तो लेक्चर देत नाही मॅडम." आणि आणीबाणी म्हणजे काय ते त्याने गुगल केलं होतं, कारण गोष्ट त्या काळातली आहे, आणि ते कोणी सांगितलं नव्हतं करायला. मराठी वाचायला स्लो जातं म्हणाला, काही शब्द भावाला विचारतो, पण इंग्लिश मीडियमचा पोरगा एवढं जाड मराठी पुस्तक स्वतःहून अर्ध्यावर घेऊन गेलाय हे आईबाबांच्या लक्षातच आलं नव्हतं, ते शिव्या मोजत बसलेले.

आईची खरी भीती नंतर बाहेर आली. वर्गातल्या एका मुलीशी त्याचं चॅटिंग चालतं. मी सांगितलं की त्याबद्दल बोलायचं तर सरळ बोला, पुस्तक जप्त करून ते बोलणं होणार नाहीये. झोप उडाली, जेवण कमी झालं, मित्र तुटले, असं काही दिसलं तर जरूर या. पुस्तकातल्या प्रेमाने यातलं काही झालेलं नव्हतं.

'श्यामची आई'बद्दल मात्र वडिलांशी माझा थोडा वादच झाला. माझंही लाडकं पुस्तक आहे ते. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, पण ते लिहिलंय कसं ते बघा ना, प्रकरणं नाहीतच, रात्री आहेत, आश्रमातल्या मित्रांना श्याम एकेका रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणजे ते ऐकण्याचं पुस्तक आहे. आठ-दहा वर्षांच्या पोराला झोपताना एक रात्र वाचून दाखवा, तुमचाच आवाज भरून येईल. तेच चौदाव्या वर्षी 'बघ आधीची मुलं कशी होती' म्हणून हातात कोंबलं तर ते टॉनिक होतं, आणि टॉनिक कोण आवडीने पितं?

धाकटी बहीण चौथीत आहे, तिच्यासाठी म्हटलं ही पिशवी ठेवा, शिवाय 'तोत्तोचान' आणा, रेल्वेच्या डब्यात वर्ग भरणारी शाळा वाचून ती नक्की विचारेल आमची का नाही अशी. मराठीचा वेग कमी असेल तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक नेटवर फुकट आहेत, दोन पानांत गोष्ट संपते. मोठ्यासाठी प्रकाश नारायण संतांचा लंपन सुचवला, 'वनवास'पासून, कारण कथा सुट्या आहेत, एक वाचून सोडली तरी चालतं. आजीआजोबांकडे राहणारा मुलगा, कानडी वळणाची मराठी, आधी अडखळायला होतं, मग तीच चटक लागते. 'पाडस'चं नाव घेऊन मी जरा थांबले, त्यांच्याकडे कुत्रा आहे, आणि त्यातल्या ज्योडी नावाच्या मुलाला शेवटी त्याच्या हरणाच्या पिल्लाचं जे करावं लागतं ते वाचून मोठी माणसं रडतात. द्या, पण शेवटाला घरात कोणीतरी असू दे.

आणि वडिलांना होमवर्क दिला. 'शाळा' तुम्ही वाचा, तो वाचतोय तीच कॉपी, प्रश्न विचारायचे नाहीत, सारांश तर मुळीच नाही. वाचताना तुमच्या नववीतलं काही आठवलं तर जेवताना सांगा, नाही आठवलं तर नका सांगू.

पुढच्या सेशनला आई म्हणाल्या, आता बापलेक पुस्तकावरून भांडतात, खुणेचा कागद कोणी काढला म्हणून. चॅटिंगचा विषय अजून अवघडच आहे, त्यावर काम चालू आहे. मुलाने जाताना माझ्या शेल्फवरचं 'बनगरवाडी' नेलंय, बारीक आहे म्हणून. मेंढरं आणि माळरान त्याला रुचेल की नाही मला खात्री नाही, नाही आवडलं तर दहाव्या पानावरून परत आण असं सांगून ठेवलंय.